आचार्य आणि आचारी

दोन प्रती समोर ठेवून अक्षर अक्षर ताडून पाहण्याचे काम मराठीला नवे नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच वाटेने. आता हे काम संगणकही करतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी रचलेली ‘डिफ’ ही आज्ञा १९७४ साली युनिक्स प्रणालीबरोबर प्रसृत झाली. दोन्ही फायलींत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची सर्वांत लांब मालिका शोधावयाची व उरलेल्या ओळी फरक म्हणून दाखवावयाच्या, हे तिचे तत्त्व.

आम्हांला या विद्येची गरज पडली ती इंदुरातील एका जुन्या मंडळाच्या इतिवृत्तांमुळे. त्या वह्यांचे कागद हात लावताच तुटतात. म्हणून प्रत्येक वही दोघांनी स्वतंत्रपणे टंकित करावी आणि वाचन जेथे वेगळे पडेल तेवढ्याच जागी मूळ पान उलगडावे, असे ठरले. ताडणीसाठी आम्ही घरच्या घरी एक छोटी आज्ञावली रचली.

अशा साधनाची परीक्षा सरळ मजकुरावर होत नाही. त्याला रिकामी फाइल द्यावी. जिची शेवटची ओळ अर्धवट सुटली आहे अशी द्यावी. एकच फाइल दोनदा द्यावी. खरी कसोटी मात्र निराळी: साधनाने दिलेली फरकांची यादी पहिल्या फायलीवर चालविली की दुसरी फाइल जशीच्या तशी हाती आली पाहिजे.

या सर्व कसोट्या पार पडल्या, आणि दोष निघाला तो आपल्या लिपीत. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन्ही प्रतींत डोळ्यांना एकच दिसे. साधन मात्र ती ओळ वेगळी म्हणून दाखवी. कारण असे की, त्यातील ‘ऱ्’ एकाच्या कळफलकावरून ‘ऱ’ व हलन्त असा उतरला होता, तर दुसऱ्याच्या कळफलकावरून साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोन रूपांना एक करीत नाही.

ते अदृश्य चिन्ह गाळून टाकावे, हा उपाय सहज सुचणारा, पण घातक. चिन्ह गाळले की ‘आचाऱ्यांना’ याचे ‘आचार्यांना’ होते! म्हणून आम्ही गाळण्याऐवजी ते संपूर्ण रूप ‘ऱ्’मध्ये बदलून मगच ताडणी करण्याचा नियम घातला, आणि हे दोन शब्द कायमचे परीक्षेच्या यादीत ठेवले. पुढे आज्ञावलीत काहीही बदलले तरी ती परीक्षा पुन्हा होते.

या काळजीचे फळ लवकरच दिसले. गणेशोत्सवाच्या खर्चात एकाने ‘आचार्यांना रुपये अकरा’ असे वाचले होते, दुसऱ्याने ‘आचाऱ्यांना’. साधनाने बरोबर त्या ओळीवर बोट ठेवले. मूळ पान उलगडले, तर खालच्याच ओळीत रवा आणि तूप! अकरा रुपये विद्वानाच्या दक्षिणेचे नव्हते. मंडळाच्या पंगतीसाठी चुलीपुढे राबलेल्या माणसाचे होते. आपल्या पूर्वजांनी परमुलखात संसार कसे उभे केले, हे अशा नोंदींतूनच कळावयाचे. तेथे एका अक्षराने माणूस बदलतो.

वाचकांपैकी कोणाकडे अशा वह्या असतील, तर त्या दोन हातांनी उतरवून घ्याव्यात. आणि ताडणीचे साधन वापरण्यापूर्वी त्याला हे दोन शब्द अवश्य वाचावयास द्यावेत.