मुरवण

आपल्या भाषेत 'मुरणे' हा शब्द मोठा गोड आहे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो आणि राजकारणात वर्षे काढलेला माणूसही मुरतो. पण घरातली माणसे मोजून मापून बोलू लागली, की पाणीही कुठेतरी मुरत असते. आमच्या घरात ते चार वर्षे मुरत होते.

त्याला कारण मी. धाकट्या बहिणीच्या मुलीला तीळ आणि सोयाबीन चालत नाही, हे मला सांगितलेले होते. मी ते ऐकले होते. मानले मात्र नव्हते. 'आमच्या लहानपणी कुठे होती असली अॅलर्जी?' असे म्हणणाऱ्यांतली मी एक. भोगीला तिच्या भाकरीवरचे तीळ मी आठवणीने वगळले. भाजीत मात्र सवयीने चिमूटभर तिळकूट पडले, आणि ते ध्यानात आल्यावरही मी मनाशी म्हटले, एवढ्याशाने काय होणार? एक तीळ सात जणांनी वाटून खावा, असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या पाच वर्षांच्या पोरीला तो सातवा हिस्साही नको होता. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, श्वासाला शीळ लागली. गावातल्या डॉक्टरांनी मांडीत अॅड्रेनलिनचे इंजेक्शन दिले आणि तिला तालुक्याला नेऊन रात्रभर ठेवले. पोर वाचली. बहीण मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तेव्हापासून भाची आली की तिच्याबरोबर डबाही येई. माझ्या घरात, माझ्या शेजारी बसून ती आपल्या आईच्या हातचे जेवे.

गेल्या मे महिन्यात ती ओट्यापाशी येऊन म्हणाली, "मावशी, आमच्या वर्गातल्या सगळ्या मुली चायनीज खातात. मला एकदा खायचंय."

मी मॅट्रिक झालेली, बालवाडीत शिकवणारी आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला. पण त्या दिवशी मी विद्यार्थिनी झाले. दुकानात जाऊन बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचू लागले. सोया सॉस म्हणजे सोयाबीन आणि गहू यांवर बुरशी वाढवून, मग मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरवलेला रस. दुकानदाराने 'तामारी' नावाची बाटली पुढे केली, 'यात गहू नाही' म्हणाला. गहू नसेल, सोयाबीन होतेच. आपल्याकडे २०२० साली लेबलांचे जे नियम झाले, त्यांतल्या अॅलर्जीच्या यादीत सोयाबीन आहे, शेंगदाणा आहे. तिळाचे नाव मात्र नव्हते. 'मसाले' या एका शब्दाआड तीळ लपून बसू शकतो. तेव्हा बाटलीचा नाद सोडला.

मग एक गंमत कळली. चिकन मांचुरियन हा पदार्थ चीनचा नव्हेच. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग या चिनी आचाऱ्याने तो १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात प्रथम केला, असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची आपलीच; गरम मसाल्याच्या जागी त्याने सोया सॉस घातला. मग तोच काढून घेतला, तर आपण आपल्याच स्वयंपाकघरात परत येतो! आणि सुरमईला आगळ, हळद, मीठ लावून ठेवणारे आमचे कोकण तरी आशियाबाहेर कुठे आहे?

सोया सॉस चार कामे करतो: खारटपणा, काळा रंग, किंचित गोडी आणि तोंड भरून टाकणारी एक खोल चव. मी ती चौघांत वाटली. मिठाने खारटपणा दिला. गूळ कढईत किंचित करपवून रंग आणि गोडी आणली. वाळलेल्या अळंब्या भिजवून त्यांचे पाणी आटवले, त्यातून ती खोल चव आली. आंबटाला चमचाभर आगळ. आगळ मुळातच खारट, म्हणून मीठ बेताने. अर्धा किलो कोंबडीच्या तुकड्यांना हे सारे आले, लसूण, मिरपुडीसह चोळून दोन तास फ्रिजमध्ये ठेवले. त्याहून फार काळ नको. आंबट वरच्या थराला लगदा करते.

पण खरे काम त्याआधीचे. सासूबाईंच्या पाट्यावर चाळीस वर्षे तीळ वाटले गेले होते. दगडाच्या छिद्रांत काय उरले असेल, कोण सांगणार? तो पाटा मी परसात नेऊन ठेवला. ठेवताना हात जड झाला. नवा खलबत्ता आणला. घाण्याचे खोबरेल वापरणार होते. पण त्याच घाण्यात आज तीळ, उद्या खोबरे घालतात, हे आठवले आणि थांबले. शेवटी सूर्यफुलाची सीलबंद पिशवी आणून नव्या कढईत तळले.

पान वाढले. भाचीने विचारले, "मावशी, काय काय घातलंयस?"

बालवाडीतल्या पोराने पाढे म्हणावेत तसे मी एकेक नाव सांगितले. मीठ, गूळ, अळंब्या, आगळ. कढई नवी, तेल नवे, खलबत्ता नवा. ती आईकडे पाहू लागली. बहीण काही बोलली नाही. तिने पिशवीतून इंजेक्शनची पेटी काढली, पानाशेजारी ठेवली आणि मग म्हणाली, "खा."

त्या पेटीचा मला राग आला नाही. ती तिथे असायलाच हवी होती.

पोरीने पहिला घास घेतला. आम्ही दोघी तिच्या ओठांकडे पाहत बसलो. "थोडं तिखट झालंय गं," ती म्हणाली, आणि आणखी वाढ म्हणून तिने वाटी पुढे केली.

डबा संध्याकाळपर्यंत तसाच होता. बहिणीने तो उघडला, त्यातली पोळी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "पाटा परसात का गं ठेवलायस? पावसात राहील."