आणखी एका पदविकेचा हिशेब

व्यापाऱ्याच्या घरात कोणत्याही खर्चाला ‘यातून काय सुटणार?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. सून शिक्षिका असेल आणि नोकरी सांभाळून आणखी एखादी पदविका घ्यावी असे तिच्या मनात आले, तर सासरेही हेच विचारतात. प्रश्न रुक्ष वाटला तरी रास्त आहे. प्रमाणपत्रांच्या बाजारात सगळाच माल सारख्या वजनाचा नसतो.

भोर-वेल्हे भागातील शिक्षिकेचा दिवस एसटीच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. भोरहून वेल्ह्याला जायचे तर कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी असा वळसा. पावसाळ्यात तोरण्यावरून धुके उतरले की परतीची गाडी केव्हा येईल हे सांगणे कठीण. अशा ठिकाणाहून रोज सायंकाळी पुण्याच्या वर्गाला जाणे अशक्यच. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ते अशांच्या सोयीचे ठरले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद. पुस्तके घरी यावीत, दुकान बंद झाल्यावर, घर निजल्यावर ती वाचावीत आणि स्वाध्याय लिहून पाठवावेत, अशी ही रीत. स्वाध्याय हा शब्द तरी आपल्या घरांना नवा नाही.

पण घ्यायचे काय? मुख्याध्यापकपदाकडे दृष्टी असलेले पुष्कळ शिक्षक नाशिकच्या विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका निवडतात. ज्यांना खरोखर शाळा चालवायची आहे त्यांना ती उपयोगाची. मात्र वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवर, एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता घेऊन बसणाऱ्या बाईंची उद्याची अडचण वेगळी असते. पहिलीचे मूल का बोलत नाही आणि चौथीचे अजून अडखळत का वाचते, हे त्यांना उलगडायचे असते. त्यांना बालमार्गदर्शनाचा किंवा वाचनशिक्षणाचा छोटा अभ्यासक्रम अधिक फळ देईल, मग बढतीच्या यादीत त्याचे वजन कमी का असेना.

पैसे भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या यादीत पाहावे. बी.एड. असेल तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचीही मान्यता लागते. शाळेची पूर्वपरवानगी लेखी घ्यावी आणि उत्तीर्ण झाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी. तोंडी होकारावर आपण उधारीही देत नाही.

प्रवेशाचा महिनाही विचारात घ्यावा. दिल्लीच्या मुक्त विद्यापीठात जानेवारी आणि जुलै असे दोन हंगाम असतात. एका वर्षाच्या पदविकेला जानेवारीत प्रवेश घेतला तर परीक्षा डिसेंबरात येते, आणि ऐन तयारीच्या दिवसांत दिवाळी असते. तेव्हा पेठेतल्या घरात वही उघडायलाही सवड नसते. जुलैत घेतला तर परीक्षा पुढच्या जूनमध्ये, आणि तयारीला मे महिन्याची सुटी मोकळी मिळते.