तिसरे बोट

सहल ठरते एका क्षणात. तिचा बेत मात्र महिनोन्‌महिने चालतो. आमच्या घरी हा बेत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. नाताळच्या शुभेच्छा देण्यासाठी आमच्या लेकीच्या मामांचा फ्लोरिडाहून फोन आला. मामा गेली अनेक वर्षे टॅम्पा शहरी राहतात. बोलता बोलता ते म्हणाले, "मे महिन्याच्या सुट्टीत तिघेही या. आमच्या घरापासून सव्वा तासावर डिस्नेची नगरी आहे. पोरीला दाखवू." फोन ठेवला तेव्हा लेक गाढ झोपली होती. ती अडीच वर्षांची होती. डिस्ने हे नाव तिने ऐकले नव्हते. उंदीर तिला ठाऊक होता, पण तो आमच्या माळ्यावरचा. आम्हा उभयतांना मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आम्ही दोघेही शिक्षक. कोणतेही काम वहीत आखून घेतल्याखेरीज आमच्या हातून होत नाही. व्हिसा आदल्या वर्षी एका कौटुंबिक कारणासाठी काढलेला होता, त्यामुळे थेट सहलीचीच वही उघडली. पहिल्या पानावर माहिती लिहिली. वॉल्ट डिस्ने यांनी आपले पहिले उद्यान कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी उघडले. फ्लोरिडातील नगरीचा संकल्पही त्यांचाच, परंतु ती १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडली तेव्हा त्यांना जाऊन जवळजवळ पाच वर्षे झाली होती. तिचा विस्तार सुमारे शंभर चौरस किलोमीटर. आत चार स्वतंत्र उद्याने. आम्ही चार रकाने आखले, चार दिवस मांडले, आणि खर्चाची बेरीज पाहून एका रात्रीत तीन रकाने खोडले. राहिले ते सर्वांत जुने उद्यान, मॅजिक किंग्डम, आणि एक दिवस.

त्या एका दिवसासाठी दोन आकडे आम्ही लाल शाईने लिहून ठेवले होते. पहिला आकडा तीन. तीन वर्षे पूर्ण न झालेल्या बालकाला तेथे तिकीट लागत नाही. तीन पूर्ण झाली की तिकीट लागते, आणि ते मोठ्यांच्या तिकिटाहून थोडेच स्वस्त असते. दुसरा आकडा अडतीस. त्या उद्यानात हिमगौरीच्या सात बुटक्यांची खाण आहे. डोंगराच्या पोटातून आणि अंगावरून खाणगाड्यांची आगगाडी धावते, वळणावर प्रत्येक गाडी पाळण्यासारखी डुलते. तिच्यात बसण्यासाठी उंची किमान अडतीस इंच लागते. हिमगौरी आणि सात बुटके ही गोष्ट लेकीला आजीने सांगितलेली होती. बुटक्यांची नावे आजी दर वेळी नवी ठेवी. "आपण बुटक्यांच्या घरी जायचे" हे वाक्य लेकीच्या तोंडी बसले ते तेव्हापासून.

आता अडचण अशी की लेकीचा जन्म नऊ मे २०२१चा. शाळेचा निकाल लागल्यावाचून आम्हाला गाव सोडता येत नव्हते, आणि विमानाचे परवडणारे तिकीट मिळाले ते अकरा मेचे. म्हणजे उद्यानाच्या दारात ती उभी राहील तेव्हा तिला तीन वर्षे पूर्ण होऊन काही दिवसच झालेले असतील. आणि उंची? जानेवारीत आम्ही स्वयंपाकघराच्या चौकटीवर अडतीस इंचांवर पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि लेकीला तिच्याखाली उभे केले. दोन इंच कमी. तेव्हापासून दर रविवारी मिस्सा आटोपून घरी आले की मोजमाप सुरू झाले. चौकटीवर तारखांसह बारीक रेघा चढू लागल्या. दुधाचा पेला मोठा झाला, नाचणीचे सत्त्व आले, दाराच्या वरच्या कडीला लटकण्याचा खेळ आला. आजी एक दिवस पाहून पाहून म्हणाली, "केळीचा घड ओढून लांब होतो का रे? तो आपल्या वेळेलाच भरतो." केळीच्या बागेत जन्म काढलेल्या बाईचे ते बोलणे. आम्ही हसलो आणि पुढच्या रविवारी पुन्हा टेप काढली.

इतक्या महिन्यांत एक गोष्ट आमच्या ध्यानातच आली नाही. एका दारासाठी आम्हाला आमची लेक लहान हवी होती आणि दुसऱ्या दारासाठी मोठी. ती जेवढी होती तेवढी कोणत्याच दाराशी आम्हाला पुरत नव्हती.

टॅम्पाला पोहोचलो. आपल्या आणि तेथल्या घड्याळात त्या दिवसांत साडेनऊ तासांचे अंतर असते. लेक पहाटे तीनला उठून खेळू लागे आणि भर दुपारी जेवता जेवता ताटावर झोपी जाई. मामींनी सांगितले, "हिचे घड्याळ जुळू दे, मगच जा. नाहीतर महागाचे तिकीट काढून मुलीला गाडीत झोपलेली पाहाल." आठवडा तसाच गेला. बेत मंगळवारचा ठरला. सोमवारी रात्री जेवणे झाल्यावर मामांनी संगणक उघडला आणि तिकिटे काढायला बसले. "दोन मोठी," ते म्हणाले, आणि थांबले. "हिचे काय करायचे? येथे बहुधा कोणी दाखला मागत नाही, शब्दावर विश्वास ठेवतात. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे."

शंभर डॉलरहून अधिक रक्कम होती. रुपयांत मांडले तर आठ हजारांच्या वर. आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्या दृष्टिभेटीत होकार होता, हे लपवून काय उपयोग? आमच्यापैकी एकाने लेकीला मांडीवर घेतले आणि खेळाच्या सुरात म्हटले, "उद्या कोणी विचारले, तू किती वर्षांची, तर अशी दोन बोटे दाखवायची हं."

वाढदिवसाला वसईत केक कापल्यापासून भेटेल त्याला ती तीन बोटे दाखवीत आली होती. विमानातल्या शेजाऱ्यालाही तिने ती दाखविली होती. आता तिने दोन बोटे वर केली. मग तिसऱ्या बोटाकडे पाहिले. ते दुसऱ्या हाताने दाबून खाली धरले. ते पुन्हा वर आले. तिने अगदी मनापासून विचारले, "मग हे बोट कुठे ठेवू?"

कोणी काही बोलले नाही. मामींनी ओट्यावरचे दिवे मालवले.

आमच्यापैकी एकाला त्या क्षणी वांद्रे स्टेशनचा पूल आठवला. मोतमाउलीच्या जत्रेचे दिवस. आगगाडीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नसते, पाचापासून बारापर्यंत अर्धे लागते. मुलगा सहा वर्षांचा, हातात तिकीट फक्त आईचे. समोर टी.सी. उभा. आईचा हात खांद्यावर आला आणि खाली दाबू लागला. मुलाने गुडघे वाकवले. टी.सी.ने पाहिले, न पाहिल्यासारखे केले. आई वाईट नव्हती. तिच्याजवळ पैसेच तेवढे होते, आणि त्या अर्ध्या तिकिटातून वाचलेल्या पैशांत तिने मुलाला पाळण्यात बसवले. त्या जत्रेतले आता काहीही आठवत नाही. खांद्यावरचा दाब मात्र आठवतो.

आमच्याजवळ पैसे होते. आईला जी सबब होती तीही आम्हाला नव्हती. मामांना आम्ही सांगितले, "तिसरे तिकीट काढा." त्यांनी काढले. लेक तोवर तीन बोटे तोंडात घालून झोपली होती.

सकाळी निघताना पिशवीत एक जोडी होती, तिचा खुलासा करावयास हवा. मार्चमध्ये वसईच्या बाजारातून आम्ही जाड तळव्याचे बूट आणले होते. आदल्या रविवारी मामांच्या दारात मापले तेव्हा लेक सव्वासदतीस इंच भरली होती; ते बूट आणि आत घडी घातलेला रुमाल, एवढ्यावर अडतीसची रेघ सहज गाठता आली असती. गाडीत हा बेत आम्ही मामांना सांगितला. मामा व्यवसायाने अभियंते. ते म्हणाले, "ती रेघ धीटपणा मोजायला नाही आखलेली. मांडीवर जो दांडा येऊन बसतो ना, तो विशिष्ट मापाच्या शरीराला धरण्यासाठी असतो. रुमालाने बूट उंच होईल. दांड्याखालची मुलगी तेवढीच राहील." त्यापुढे बूट पिशवीतून निघाले नाहीत.

वाहनतळापासून मॅजिक किंग्डमच्या दारापर्यंत जायला मोठ्या तळ्यातून बोट आहे, किंवा एका रुळावरची गाडी. आम्ही बोटीने गेलो. दुरून राजवाड्याचे मनोरे दिसू लागले. लेक कठड्याला धरून उभी होती आणि पाण्यात मासे आहेत का, हे पाहत होती. दारात तिला कोणी वय विचारले नाही. तिनेच आपणहून तीन बोटे दाखविली, आणि दारावरच्या बाईंनी तिला तितक्याच गांभीर्याने मान लववून अभिवादन केले.

पस्तीस इंचांची मर्यादा असलेली मुलांची एक छोटी घसरगाडी आहे. त्या मर्यादेत लेक बसत होती. आम्ही उत्साहाने तिला नेले. एक मिनिटभराची ती फेरी. ती ओठ घट्ट मिटून बसली, उतरली आणि म्हणाली, "झालं. पुन्हा नको." जिच्या उंचीसाठी आम्ही चार महिने झटलो, त्या मुलीला वेग आवडतो की नाही, हे विचारायचे वहीत राहूनच गेले होते.

तरीही बुटक्यांची खाण तिला पाहायची होती. तेथल्या मापाच्या काठीखाली ती घरच्या चौकटीला उभी राहते तशी टाचा जुळवून ताठ उभी राहिली. काठी तिच्या डोक्यावरून मोकळी गेली. "किती?" तिने विचारले. सेवक तरुण खाली वाकून हसला. आणखी थोडी वाढलीस की ये, म्हणाला. आमच्या पोटात कालवले. तिला मात्र मोजून घेण्यातच समाधान होते. अशा वेळी आईबापांसाठी तेथे एक सोय आहे: एकाने मुलाजवळ थांबायचे, दुसऱ्याने जाऊन यायचे, मग पहिल्याने पुन्हा लांब रांग न लावता जायचे. आम्ही तसेच केले. पाळीपाळीने एक जण खाणीत आणि एक जण लेकीबरोबर बाकावर.

बाकावर बसल्या बसल्या एक गोष्ट आठवली. वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत असत की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या मुली गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसत आणि ते बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत. मुले आणि आईबाप जेथे एकत्र रमतील असे काही असावे, हा विचार तेथे आला. बाकावर बसावे लागू नये म्हणून जी नगरी उभी राहिली, तिच्यात आम्ही बाकावर बसलो होतो. पण लेक डोंगरावरून धावणारी प्रत्येक गाडी मोजत होती, तिच्यातल्या अनोळखी माणसांना हात करीत होती, आणि आपला माणूस कोणत्या गाडीत आहे याचा तर्क लढवीत होती. "हा नाही. हाही नाही. हा!" आम्ही दोघांनीही नंतर कबूल केले, खाणीतल्या फेरीपेक्षा त्या बाकावरची आमची पाळी आम्हाला अधिक लक्षात राहिली.

दुपारी उन्हाने जीव कासावीस झाला. वहीतले अकरा खेळ बाकी होते. लेक ढकलगाडीत झोपली. आम्ही वही मिटली आणि सावलीत दोन तास बसून राहिलो. ती उठल्यावर तिघेही फिरत्या घोड्यांवर बसलो. ते चक्र १९१७ साली बनलेले, म्हणजे उद्यानाहून कितीतरी जुने. तेथे उंचीची रेघ नाही. लेक मधल्या घोड्यावर, आम्ही दोन बाजूंना उभे. ती पाच वेळा बसली. मामा खाली उभे राहून हात करीत होते.

यंत्रे आणि दिवे यांच्या त्या नगरीहून परतलो, शाळा सुरू झाली, पाऊस आला. नाताळच्या आत लेकीने अडतीसची रेघ ओलांडली. त्या रविवारी आम्ही ते मुद्दाम तिला सांगितले, तिने "हो का?" म्हटले आणि खेळायला पळाली.

परवा चौकटीशी उभी राहून ती रेघा वाचत होती. आता तिला आकडे वाचता येतात. प्रत्येक रेघेपुढे तारीख आहे. एका ठळक रेघेपुढे नाही. तिने विचारले, "हिची तारीख लिहायची राहिली का?" आम्ही म्हटले, "नाही बाळा. ती रेघ तुझी नाही. ती आमची आहे."