शेतावर नेता येईल असं काही

संकेश्वर,
रविवार

चि. बाळ हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. सहावीतला तुझा तो मुलगा दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळेत आलाच नाही. तू त्याच्या घरी गेलीस, तर वडिलांनी दारातूनच परत लावलं. पोरगं उसात कामाला लागलंय, शिकून कोण कलेक्टर झालंय, असं म्हणाले. पुढे तू लिहितेस, 'एका मुलाला शाळेत आणता येत नाही, तर मी शिक्षिका कशाला झाले?' तुला हे इतकं लागलं, याचं मला बरं वाटलं. पण तू जे स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं आहेस, त्यातलं निम्मं तुझं नाही. आणि जे खरंच तुझं आहे, त्याबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस.

आनंद यादवांचं 'झोंबी' तू कॉलेजात असताना वाचलं होतंस. आता शिक्षिका म्हणून पुन्हा वाच. यादव कागलचे, जन्म 1935 चा. म्हणजे तुझ्या शाळेपासून मोटारीने तासाभराच्या आतलं गाव. त्यात यादवांनी स्वतःचंच लहानपण सांगितलं आहे. त्या मुलाचं आणि तुझ्या मुलाचं सगळं जुळतं. बापाने पाचवीतून काढून शेतावर घातलेला मुलगा. बापाला शेतात हक्काचा माणूस हवा, आणि मुलाचा जीव शाळेसाठी तळमळतो. दिवाळी झाली, गुऱ्हाळ उरकलं, आणि शेणी लावता लावता त्याने आईजवळ विषय काढला. आईची नवऱ्यापुढे बोलायची छाती नव्हती. मग मायलेकरं रात्री गुपचूप दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर गेली. देसाई गावातले वजनदार, त्यांच्यापुढे बाप मान वर करायचा नाही. आम्ही आलो होतो हे सांगू नका, असं आईने विनवून सांगितलं. देसायांनी बापाला बोलावून घेतलं, चांगलं फैलावर घेतलं, आणि पोराला शाळेत घालायचं कबूल करून घेतलं.

यात मास्तर कुठेच नाहीत, हे लक्षात घे. त्या मुलाला शाळेत परत आणलं ते त्याच्या आईने आणि देसायांनी. मास्तरांचं काम नंतर सुरू झालं. तू एकटीने दत्ताजीराव व्हायला गेलीस आणि दारातून परत आलीस. बावीस-तेवीस वर्षांची पोर, गावात नवी, तुझं कोण ऐकणार? त्यात तुझी चूक काही नाही. तुझ्या शाळेच्या देखरेख समितीत, म्हणजे एसडीएमसीत, कोण कोण आहेत ते मुख्याध्यापकांना विचार. त्यातलं एखादं माणूस असं असेलच, ज्याच्या शब्दाला तो बाप मान देतो. सोसायटीचा चेअरमन असेल, नाहीतर त्यांच्या भावकीतला कुणी थोरला. त्याला पुढे घाल. कायदाही आता आहे, 2009 चा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत पाठवणं भाग आहे. पण कायदा आधी काढू नकोस, माणूस आधी.

आता बापाने घातलेल्या अटी आठव. सकाळी अकरापर्यंत शेतात पाणी पाजायचं, तिथूनच शाळेत जायचं, म्हणून दप्तर सकाळीच बरोबर न्यायचं. शाळा सुटली की घरी दप्तर टाकून तासभर जनावरं चारायची. कामाचा रेटा असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. मुलाने सगळं कबूल केलं. तुझा मुलगा आला तर असाच येईल बघ, अर्धामुर्धा. आठवड्यातून तीन दिवस, तेही दमलेला. बरोबरीची पोरं पुढे गेलेली, लहान पोरांत बसायची लाज, चेष्टा. आनंदाचीही झाली. पहिल्याच दिवशी वर्गातल्या एका पोराने त्याची टर उडवली. हळूहळू तो रुळला, वर्गातल्या एका हुशार मुलाचं बघून गणितं सोडवू लागला, आणि मास्तर त्याला 'आनंदा' म्हणून हाक मारू लागले. त्या हाकेचं त्याला किती अप्रूप वाटलं ते यादवांनी लिहिलं आहे. हे तुला फुकटात करता येईल.

आणि मग सौंदलगेकर मास्तर. न. वा. सौंदलगेकर, मराठी शिकवायचे. तुझ्या बसच्या वाटेवर सौंदलगा लागतं, ते नाव दिसलं की मला दर वेळी हे मास्तर आठवतात. ते कविता नुसती वाचून अर्थ सांगत नसत. गाऊन दाखवत, चालीवर, यती सांभाळून, हावभाव करून. नवी-जुनी मराठी कविता त्यांना तोंडपाठ. भा. रा. तांबे, बोरकर, यशवंत, गिरीश या कवींच्या आठवणी सांगत. स्वतःही कविता करत. कवी म्हणून त्यांचं नाव मराठीत कुठे झालेलं नाही, आणि या गोष्टीत त्याने काही बिघडतही नाही.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. मुलाने ती कविता शाळेत ठेवली नाही, शेतावर नेली. पिकाला पाणी पाजताना, ढोरं चारताना तो मास्तरांच्या चालीवर मोठ्याने म्हणायचा, त्यांच्यासारखे हातवारे करायचा, नाचायचासुद्धा. आधी शेतात एकटं काम करायचा त्याला कंटाळा यायचा, बोलायला कुणीतरी हवं असायचं. आता एकटंच असावं असं वाटू लागलं, कारण एकटं असलं की मोकळ्या गळ्याने गाता येतं. बापाच्या अटी होत्या तशाच होत्या, पाणी तेच, ढोरं तीच. पण त्या अकरापर्यंतच्या वेळात आता मास्तर येऊन बसले होते. शाळेत बसायचे मोजके तास त्याला मिळत होते, आणि मास्तरांनी दिलेलं बाकीच्या तासांना पुरत होतं.

पुढे मास्तरांच्या दारातल्या मालतीच्या वेलावर मास्तरांनीच कविता केली. मुलाने तो वेलही बघितला होता आणि कविताही. तोवर त्याला वाटत होतं, कवी म्हणजे कुणी तरी वेगळाच प्राणी. आता दिसलं की आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस दारातल्या वेलावर कविता करतो. मग आपल्या भोवती काय कमी आहे? पिकं आहेत, रानफुलं आहेत. ढोरं चारताना ओळी सुचू लागल्या. कागद-पेन्सिल जवळ नसलं की काटकीने म्हशीच्या पाठीवर रेघोट्या ओढून लिहायचा, दगडावर खड्याने लिहायचा, आणि पाठ झालं की पुसून टाकायचा. मास्तरांना दाखवायला सोमवारपर्यंत दम निघाला नाही तर रात्रीच त्यांच्या घरी जायचा. मास्तर बघायचे, भाषा कशी हवी, छंद कसा धरायचा, शुद्ध कसं लिहायचं ते सांगायचे, पुस्तकं द्यायचे. रात्री दार उघडायचे, हे मला त्या सगळ्यात मोठं वाटतं. पोराने दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं, असं त्यांना वाटलं नाही.

तो मुलगा पुणे विद्यापीठात मराठीचा विभागप्रमुख झाला, 'गोतावळा' लिहिली, 'नटरंग' लिहिली. 'झोंबी' 1987 साली आली आणि 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. हे सांगते आहे ते तुझा मुलगा साहित्यिक व्हावा म्हणून नाही. तो नाही झाला तरी चालेल.

कारण मी कुठे काय झाले? पण मलाही असं शेतावर नेण्यासारखं काहीतरी कुणीतरी दिलं आहे, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही. मी आठवीत असताना तुझे आजोबा गेले. आईला पेन्शनचा अर्ज करायचा होता, तो कन्नडमध्ये, हुक्केरीच्या कचेरीत. आम्ही मराठी शाळेतली पोरं, कन्नड म्हणजे आम्हाला पास होण्यापुरतं. आमचे कन्नडचे सर तेव्हा अर्जलेखन शिकवत होते. पुस्तकात रजेचा अर्ज होता. सरांनी पुस्तक मिटायला लावलं आणि सांगितलं, प्रत्येकाच्या घरी कशाचा तरी अर्ज करायचा राहिला असेल, तो घेऊन या. कुणी लाईटच्या कनेक्शनचा आणला, कुणी रेशनकार्डात नाव घालायचा. मी आईचा.

सर चूक दुरुस्त करून द्यायचे नाहीत. चुकलेल्या अक्षराखाली पेन्सिलने बारीक ठिपका द्यायचे, चूक आपण शोधायची. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लिहितात, ते मराठी पोरांच्या हातून हमखास सुटतं. एकाराचं ऱ्हस्व-दीर्घ तर आमच्या कानालाच कळायचं नाही. माझा कागद ठिपक्यांनी भरून यायचा. लिहून दिलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं त्यांना. पण शेवटची प्रत होईपर्यंत ते थांबले, आणि मग म्हणाले, आता खाली आईचा अंगठा घे. तो अर्ज मंजूर झाला. त्यानंतर गल्लीतले लोक आमच्या कट्ट्यावर येऊ लागले, कुणाचा उताऱ्याचा, कुणाचा वारसा लावायचा. पतसंस्थेत मला घेतलं तेही दोन्ही भाषांत हात चालतो म्हणून. ज्या दोन पोरांना त्या नोकरीवर शिकवलं त्यातला एक तुझा बाप, हे तुला माहीत आहे.

सरांची पुढे बदली झाली. त्यांना मराठी धड बोलता यायचं नाही. सीमाभागात भाषेवरून जे चालतं ते तू रोज बघतेस, मला त्यावर इथे काही म्हणायचं नाही. एका कन्नड माणसाने मराठी घरातल्या बाईच्या पेन्शनसाठी पोरीकडून अक्षरं घोटून घेतली, एवढं तुला माहीत असावं.

आता बघ, पुस्तकातला रजेचा अर्ज मी शाळेतच विसरून आले असते. आईचा अर्ज घरी आला. केळुसकर गुरुजींचंही मला असंच वाटतं. कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईत विल्सन हायस्कूलला शिकवायचे, भीमराव आंबेडकर त्यांच्या वर्गातले नव्हतेच. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला मुलगा त्यांनी बघितला, ओळख केली, वाचायला पुस्तकं देऊ लागले. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हाच्या सत्कारात गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं, आणि पुढे कॉलेजसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती त्यातून मिळाली. पैशाने कॉलेज झालं. पण घरी नेलेलं ते पुस्तक डोक्यात राहिलं, आणि 1956 साली नागपुरात झालेल्या धर्मांतराची सुरुवात पुष्कळजण तिथून धरतात.

तुला बीएडला सांगितलं की नाही माहीत नाही, इंदिरा संतांनी बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं, तिथे प्राचार्य होत्या. एवढी मोठी कवयित्री, आणि पोट भरलं ते शिक्षक घडवून. त्यांच्या हाताखालून गेलेल्या किती बायका आपल्या भागातल्या खेड्यांतून शिकवत राहिल्या असतील, त्यांची नावं कुठे आली नाहीत. सौंदलगेकर मास्तरांचं तरी आलं, कारण विद्यार्थी लिहिणारा निघाला. माझ्या सरांचं मीही इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

तर कामाचं सांगते. त्या बापाकडे एकटी पुन्हा जाऊ नकोस. हजेरीपटावरून मुलाचं नाव कमी होऊ देऊ नकोस, मुख्याध्यापकांशी बोल. त्याची बहीण तुमच्याच शाळेत तिसरीत आहे असं तू मागे म्हणाली होतीस. तिच्या हाती त्याला काहीतरी पाठवत जा. धडा पाठवू नकोस, गृहपाठ तर नकोच. उसात काम करताना तोंडात घोळवता येईल किंवा रात्री भावंडांना वाचून दाखवता येईल, असं. ते काय असावं, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये त्याच्या बापाचं बोलणं शब्दन् शब्द आहे, पण पोराला काय आवडतं ते कुठेच नाही. गातो का, चित्रं काढतो का, हिशेब पटकन करतो का? त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला उद्याच विचार, आणि मला कळव.

तुझी,
आत्या