आधी अभ्यास, मग उत्सव

फेब्रुवारी आला की अमेरिकेत 'ब्लॅक हिस्टरी मंथ' साजरा होतो. शाळा, चर्च, ग्रंथालये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाने गजबजतात. त्या उत्सवाशी आमचे काय नाते, असा प्रश्न आमच्यातलेच काहीजण विचारतात.

नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ साली आमच्या तरुणांनी 'ब्लॅक पँथर'वरून 'दलित पँथर' हे नाव घेतले. २०१५ पासून एप्रिलमध्ये पाळला जाणारा 'दलित हिस्टरी मंथ'ही त्याच प्रेरणेतून आला.

म्हणून हा महिना कसा उभा राहिला, हे आम्ही नीट समजून घेतले पाहिजे. त्याचा पाया घालणारे कार्टर वुडसन १८७५ साली जन्मले. त्यांचे आई-वडील गुलामीतून सुटलेले. वुडसन कोळशाच्या खाणीत राबले, उशिरा शाळा शिकले आणि १९१२ साली हार्वर्डचे डॉक्टरेट झाले. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे तेव्हाचे पंडित मानत. वुडसन यांनी १९१५ साली संशोधन संस्था काढली, १९१६ साली नियतकालिक सुरू केले आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९२६ साली, 'निग्रो हिस्टरी वीक' जाहीर केला. लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस लोक आधीपासून साजरे करत होते, म्हणून फेब्रुवारीतला आठवडा निवडला. शिक्षकांसाठी पाठ, चित्रे, नाटुकली पाठवली. मुलांनी वर्षभर शिकायचे आणि त्या आठवड्यात ते समाजापुढे मांडायचे, ही त्यांची कल्पना. आठवड्याचा महिना पुढे १९७० च्या दशकात झाला.

हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आधी कागदपत्रे, मग पुस्तक, मग शाळा आणि शेवटी व्यासपीठ.

कुणी म्हणेल, मग मिरवणूक बंद करायची का? मुळीच नाही. भीमजयंतीच्या मिरवणुकीला आजही काही गावांत विरोध होतो. तिथे निळा झेंडा घेऊन रस्त्यावर चालणे हाच हक्काचा लढा आहे. पण नुसत्या उत्सवाने इतिहास वाचत नाही. अमेरिकेत कंपन्या फेब्रुवारीत शुभेच्छांच्या जाहिराती करतात, आणि त्याच देशातल्या अनेक राज्यांनी २०२१ पासून वर्गात वंशवादाबद्दल काय शिकवायचे यावर बंधने घातली. शुभेच्छा प्रस्थापितांना परवडतात. अभ्यासाची मात्र त्यांना भीती वाटते.

आमच्याकडेही पुढाऱ्यांचे फ्लेक्स लागतात, डीजे वाजतो. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या मुलाला महाडचा सत्याग्रह कशासाठी झाला, हे विचारून बघा.

१९५६ साली नागपूरला दीक्षा घेतलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेले म्हातारे होत आहेत. प्रत्येक वस्तीने त्यांच्या आठवणी नोंदवाव्यात, जुने फोटो आणि पत्रके गोळा करावीत, आणि १४ एप्रिलला ते सारे बुद्धविहारात लोकांपुढे मांडावे. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात हे काम होईल. आमचा इतिहास आम्ही लिहिला नाही, तर तो दुसरे लिहितील, आणि त्यात आम्ही नसू.

जयभीम!