टक्कल आणि गुंतवळ

मागील वर्षी पावसाळ्यात नववीच्या वर्गात मी फळ्याकडे तोंड करून समास सोडवीत होतो. इतक्यात ढग फाटून खिडकीवाटे ऊन आत आले आणि ते नेमके माझ्या टाळूवर पडले. पाठीमागून हलकीच कुजबुज आली, "चंद्र उगवला!" वर्ग हसला. मीही हसलो, परंतु माझे हसू ओठांपुरतेच होते, हे आज कबूल केले पाहिजे. अलीशा संदेष्ट्याची गोष्ट आमच्या मुलांस ठाऊक आहे. त्याच्या टकलाची थट्टा करणाऱ्या पोरांवर रानातून दोन अस्वली धावून आल्या होत्या. आमच्या चिंचणीच्या सुरूच्या बनात अस्वले नाहीत, म्हणून येथील विद्यार्थी निर्भय आहेत! असो. ज्या कोणी ते उद्गार काढले त्याच्यावर माझा राग नाही. हा लेख त्याच्याच प्रश्नाचे उत्तर आहे असे त्याने समजावे.

माझे वय आज ४६ वर्षांचे आहे. सुमारे आठ वर्षांपूर्वी गावच्या केशकर्तनालयात न्हाव्याने कात्री थांबवून अत्यंत अदबीने विचारले, "मास्तर, भांग आता कुठं पाडू?" परीक्षेचा वाईट निकाल हाती पडावा तसा तो प्रश्न माझ्या मनास लागला. त्या दिवसापासून संध्याकाळी समुद्रावर फिरावयास जाणे मी सोडले. कारण पश्चिमेचा वारा डावीकडून आडवे घेतलेले केस उचलून खालचा उजाड माळ उघडा पाडी. उन्हाचे निमित्त करून मी टोपी घालू लागलो. सल्लागारांची वाण नव्हती. कोणी विहिरीच्या खाऱ्या पाण्यास दोष दिला, कोणी टोपीस, तर कोणी रात्री जागून वह्या तपासण्यास. कांद्याचा रस झाला, जास्वंदीची फुले झाली, बाजारात आलेल्या एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेली बाराशे रुपयांची बाटलीही झाली. शेवटी शेताच्या बांधावरचा माका आणून माझी पत्नी तो खोबरेल तेलात कढवू लागली, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर स्वतःच्या हातांनी ते तेल माझ्या डोक्यास चोळू लागली. हा क्रम तीन वर्षे चालला. तेल मुरले, केस मात्र उगवले नाहीत.

या तीन वर्षांत मी आरशासमोर किती वेळ घालविला याचा हिशेब नाही. त्या आरशात माझ्या मागे आणखी एक माणूस उभे असे. त्याच्याकडे मी पाहिले नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतील एक सकाळ मला विसरता येत नाही. केसांच्या मोबदल्यात भांडी देणारी एक बाई वर्षा-दोन वर्षांनी आमच्या आळीत येते. आमच्या लहान वाचकांनी कदाचित 'गुंतवळ' हा शब्द ऐकला नसेल. फणीत अडकलेले केस बायका बोटाभोवती गुंडाळून ठेवतात, त्या पुंजक्यास गुंतवळ म्हणतात. माझ्या पत्नीने माळ्यावरचा डबा काढून त्या बाईपुढे रिता केला. बाईने केस हातात घेतले, तोलले, आणि भांड्यांच्या टोपलीकडे न वळता ती माझ्या पत्नीच्या तोंडाकडे पाहू लागली.

"ताई, मागं तुमच्याकडं मूठभर निघायचं. आता पिशवी भरली. जिवाला बरं नाही का तुमच्या?"

"वय झालं, दुसरं काय?" पत्नी म्हणाली, आणि तिने एक वाटी मागून घेतली.

मी ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. जिचा व्यवहारच गळालेल्या केसांवर चालतो, तिने जो प्रश्न विचारला तो मी एका घरात राहून विचारला नव्हता. त्या दिवशी मी पत्नीकडे प्रथमच नीट पाहिले. तिच्या अंबाड्यात गेले वर्षभर गंगावन होते, हे मला ठाऊक नव्हते. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, आवाज बसला होता, आणि चैत्राच्या उकाड्यातही ती रात्री पांघरूण घेई. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी तिचा डोळा लागतो म्हणून मी एकदा मुलांदेखत तिला बोललो होतो. ते शब्द मला त्या सकाळी एकेक आठवले.

आठवड्याच्या आत आम्ही दोघे डहाणूस त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझे डोके एक मिनिट पाहिले आणि माझ्या पत्नीचे पाव तास. तिचे चिमूटभर केस बोटांत धरून हलकेच ओढले, तो त्यांतील कितीतरी हातात आले. झोप, थकवा, थंडी, वजन, आहार, पाळी, सर्व विचारून त्यांनी रक्ताची तपासणी सांगितली. मग दोघांसही समोर बसवून जे समजाविले ते येथे संक्षेपाने देतो.

मनुष्याच्या डोक्यावर सुमारे १,००,००० केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवडे त्याची वाढ मंदावून थांबते, पुढे सुमारे तीन महिने तो विसावा घेतो आणि गळून पडतो. मागाहून त्याच मुळातून नवा केस निघतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे हे निरोगी मनुष्याचेच लक्षण होय. गळण्यात वाईट काही नाही. गळलेल्याच्या जागी तसाच दुसरा येतो की नाही, हे पाहावयाचे.

माझ्यासारख्या पुरुषांत तो तसा येत नाही. पुरुषत्वाचे जे टेस्टोस्टेरॉन नावाचे द्रव्य शरीरात असते, त्यापासून एका विकराच्या योगाने दुसरे अधिक तीव्र द्रव्य तयार होते. ज्यांच्या केसांची मुळे वंशपरंपरेने त्याच्या बाबतीत हळवी असतात, त्यांची मुळे प्रत्येक फेरीत लहान लहान होत जातात. केस प्रथम बारीक होतो, मग लव होतो, मग दिसेनासा होतो. कपाळाच्या दोन्ही बाजू आणि टाळू यांवर हा परिणाम होतो. मागची व कानांवरची झालर टिकते. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले की, ज्यांच्या शरीरात तारुण्यात हे द्रव्य निर्माणच झाले नाही त्यांना असे टक्कल पडत नाही. परंतु ते द्रव्य बाहेरून दिल्यास, घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागतात. टक्कल आईच्या वडिलांकडून येते असे आपल्याकडे म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे, कारण या बाबतीतील एक महत्त्वाचा जनुक आईकडूनच येतो. तथापि वडिलांच्या घराण्याचाही त्यात वाटा असतो. सारांश, माझ्या टकलास ना विहिरीचे पाणी कारण होते, ना टोपी, ना तुमच्या वह्या!

स्त्रियांतही मध्यम वयात वंशपरंपरेने केस विरळ होतात. त्यांचा भांग रुंदावत जातो. परंतु माझ्या पत्नीचे केस साऱ्या डोक्यावरून, भराभर आणि सहज सुटत होते. तपासणीत दोन कारणे निघाली. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावली होती आणि अंगात रक्त फार कमी होते. थकवा, थंडी, सूज, बसलेला आवाज, प्रार्थनेतील झोप, या सर्वांचा उलगडा एका कागदावर झाला. शरीर संकटात सापडले म्हणजे ते प्रथम केसांचा खर्च थांबविते. त्यामुळे पुष्कळ केस एकदम विसाव्यास जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मोठा ताप, बाळंतपण, उपासमार किंवा मनास बसलेला धक्का यांमागूनही असे होते. २०२० व २०२१ साली कोविडमधून उठलेल्या अनेकांचा हाच अनुभव आहे. त्या वेळी गळणारा केस आजच्या तेलामुळे किंवा साबणामुळे गळत नसतो. तो मागील ऋतूची बातमी सांगत असतो.

ही बातमी वाचावयास शिकणे किती अगत्याचे आहे, हे आपल्याच महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत लहानथोर, स्त्रीपुरुष अशा अनेकांचे केस अकस्मात गळू लागले. हात फिरवावा तो केस हातात यावेत, आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडावे! प्रथम पाण्यावर संशय घेतला गेला, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. दिल्लीहून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञ आले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही शोध घेतला. विंचूदंशावर रक्तदाबाचे एक औषध वापरून ज्यांनी कोकणात असंख्य प्राण वाचविले आणि ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, तेच हे डॉक्टर. २०२५ च्या आरंभी त्यांनी आपला निष्कर्ष सांगितला की, रेशनवरील गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य प्रमाणाबाहेर आहे आणि बाधितांच्या रक्तात व केसांतही ते तसेच वाढलेले आहे. हे द्रव्य अल्प प्रमाणात शरीरास आवश्यक, पण अधिक झाल्यास घातक. पुढे पुष्कळांचे केस पुन्हा येऊ लागले. त्या गावकऱ्यांनी लाजेने डोकी झाकून घरात बसणे पत्करले असते, तर ताटातील गव्हाकडे कोणाचे लक्ष गेले असते? केस वाढावेत म्हणून मनाने जीवनसत्त्वांच्या गोळ्या खाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. सेलेनियम किंवा 'अ' जीवनसत्त्व अति झाले तरी केस गळतात.

आता उपचारांविषयी. वंशपरंपरेच्या टकलावर ज्यांचा उपयोग सिद्ध झाला आहे अशी औषधे थोडीच आहेत. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचे डोक्यास लावावयाचे द्रावण करण्यात आले आणि १९८८ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. ते नेमाने लावल्यास चार-सहा महिन्यांनी गुण दिसू लागतो. आरंभी काही केस अधिकही गळतात. आणि सोडल्यास मिळविलेले काही महिन्यांत जाते. फिनॅस्टेराइड नावाची गोळी वर सांगितलेल्या विकरास अडविते. १९९७ पासून ती पुरुषांच्या टकलावर दिली जाते. काहींना तिच्यापासून शारीरिक व मानसिक त्रास होतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. गरोदर स्त्रियांनी तर ती मुळीच घेऊ नये. डोक्याच्या मागील केस काढून पुढे लावण्याची शस्त्रक्रियाही आहे. तिने केसांची जागा बदलते, संख्या वाढत नाही. खोबरेल तेलाने केसांचे तुटणे कमी होते, हे खरे. परंतु निजलेले मूळ त्याने जागे होत नाही. मुंडनाने केस दाट येतात हाही भ्रमच होय.

डॉक्टरांनी मला विचारले, "औषध सुरू करावयाचे का? जितके लवकर, तितके बरे." मी विचार करून नको म्हटले. ज्याला करावयाचे असेल त्याने जरूर करावे. त्यात कमीपणा नाही. केस गळालेला मनुष्य टकला असला तरी शुद्धच आहे, असा निर्णय लेवीयाच्या पुस्तकात फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. मला तो पुरेसा वाटला. मी आडवे केस कापून टाकले, टोपी उन्हापुरती ठेवली आणि पुन्हा समुद्रावर जाऊ लागलो. आता पत्नीही बरोबर येते.

तिचे औषध मात्र एक दिवसही चुकत नाही. पहाटे उठून थायरॉईडची गोळी मी स्वतः तिच्या हाती देतो, उपाशीपोटी, पाण्याबरोबर. लोहाची गोळी त्यानंतर चार तासांहून अधिक अंतराने, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास पहिलीचा गुण उतरतो. रक्ताची तपासणी ठरल्या वेळी होते. केस महिन्यास सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, तेव्हा धीर धरणे भागच होते. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत तिची झोप आणि थंडी गेली. पाचव्या महिन्यात एके सकाळी ती खिडकीपाशी वेणी घालीत असता तिच्या कपाळाच्या कडेस आखूड, ताठ, कोवळे केस उभे राहिलेले मला दिसले. पहिल्या पावसानंतर बांधावर गवताची पाती दिसावीत तसे ते होते. मी तिला हाक मारून आरसा दाखविला. ती म्हणाली, "अहो, तुमच्या वह्या तपासायच्या राहिल्या आहेत." पण आरसा तिने लगेच खाली ठेवला नाही.

विद्यार्थी मित्रहो, माझ्या टकलास तुम्ही खुशाल हसा. त्यात माझे काही जात नाही. परंतु घरी गेल्यावर आईच्या फणीकडे एकदा पाहा. ती तुम्हांस आपण होऊन काही सांगणार नाही. "वय झालं" एवढेच म्हणेल. तिला थकवा येतो का, थंडी वाजते का, ती पोटभर जेवते का, हे विचारा आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जाण्याविषयी वडिलांपाशी हट्ट धरा. पालकांसही हीच विनंती आहे.

ती भांडीवाली बाई या नाताळच्या सुट्टीत पुन्हा आली होती. पत्नीने डबा रिता केला. त्यात जेमतेम मूठभर गुंतवळ होते. बाईने ते हातावर घेऊन पाहिले आणि हसली.

"ताई, आता माझं काय व्हायचं?"

पत्नीने तिला चहा दिला, आणि वाटी न मागताच ते केस तिच्या पिशवीत टाकले.