वसईतील राखेचा बुधवार

काशीरामेश्वराची यात्रा करून आलेल्या गृहस्थास प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो. मुंबईहून लोकलगाडीने तास-दीड तासात ज्या ठिकाणी पोहोचता येते, त्या वसईविषयी चार शब्द लिहावयाचे तर प्रथम वाचकांची क्षमाच मागितली पाहिजे. वसई म्हटली की चिमाजी अप्पा, बुरूज आणि सुरुंग एवढेच आपणांस आठवते. आम्हीही आमच्या विद्यार्थ्यांच्या तीन-चार तुकड्या त्या किल्ल्यात नेऊन, पडक्या भिंतींकडे बोट दाखवून, इतिहासाचा पाठ देऊन परत आणल्या आहेत. परंतु किल्ल्याबाहेर जी जिवंत वसई आहे, तिच्या वाड्यांत, विहिरींवर आणि देवळांत माणसे कशी राहतात, हे पाहण्याची बुद्धी आम्हांस सेवानिवृत्तीनंतर झाली. आणि तीही एका जुन्या ऋणाची टोचणी लागली म्हणून.

आमचे एक जुने सहाध्यापक वसईचे कॅथलिक ख्रिस्ती. त्यांचे घर निर्मळच्या बाजूस. २०२५ च्या मार्च महिन्यात त्यांचा निरोप आला, "गुडघ्यांनी संप पुकारला आहे. आता तुम्हीच या." त्याप्रमाणे २ मार्चच्या रविवारी आम्ही तेथे गेलो व बुधवारी सायंकाळपर्यंत राहिलो. बुधवार हा त्यांच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस होता, हे आम्हांस तेथे पोहोचल्यावर समजले.

स्टेशनाजवळ उंच इमारतींची गर्दी आहे. पण पश्चिमेस दोन-तीन मैल गेले की वारा निराळा लागतो. केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, मोगरा आणि सोनचाफा, मधूनच एखादी दगडी विहीर. लाल चौकटीचे लुगडे नेसलेल्या वृद्ध स्त्रिया अद्याप कोठे कोठे दिसतात. निर्मळास शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर आहे व कार्तिकात तेथे मोठी यात्रा भरते. त्याच गावी पवित्र क्रुसाचे ख्रिस्तमंदिरही आहे. या भागात सामवेदी म्हणवणारे लोक हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. बोली एक, शेती एक, आडरानातल्या वाटाही एकच. १५३४ पासून १७३९ पर्यंत दोनशे पाच वर्षे येथे पोर्तुगिजांचा अंमल होता. त्या अमलात धर्मांतर कसे व कोणत्या दडपणाखाली झाले, याची चर्चा इतिहासकारांनी केली आहे व ती करणे योग्यच आहे. परंतु ज्यांच्या ओसरीवर आपण बसलो, त्यांस चार शतकांपूर्वीचा जाब विचारणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

आम्ही पोहोचलो त्या सायंकाळी देवळाच्या आवारात मुले घरोघरच्या वाळलेल्या झावळ्या जमा करीत होती. गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारी, आशीर्वादित करून घरी नेलेल्या त्या झावळ्या वर्षभर तसबिरीमागे खोचून ठेवलेल्या असतात. त्या जाळून जी राख होते, तीच बुधवारी कपाळी लावावयाची. ज्या झावळ्या उंचावून जयजयकार केला, त्यांचीच वर्षाने राख व्हावी आणि ती आपल्याच कपाळी यावी, या योजनेतील मर्म समजावयास टीकाग्रंथ लागत नाही. विझलेली राख एका वृद्ध गृहस्थाने चाळून बारीक केली. त्यांच्या बोटांची ती नाजूक हालचाल पाहून आम्हांस वडिलांची आठवण झाली; तेही भस्म असेच फडक्यातून चाळीत असत. महाशिवरात्र होऊन तेव्हा जेमतेम चार दिवस उलटले होते.

सोमवार व मंगळवार तयारीत गेले. वेदीवरची फुले उतरली. जांभळी वस्त्रे पेटीतून निघाली, झटकून उन्हात घातली गेली. हा रंग पश्चात्तापाचा. गायकवृंदाने आपल्या वहीतून 'आलेलूया' हा हर्षोद्गार बाजूस ठेवला. ईस्टरच्या रात्रीपर्यंत तो देवळात उच्चारावयाचा नाही. भिंतीवरील चौदा चित्रे पुसून स्वच्छ झाली. न्यायाधीशासमोरील शिक्षेपासून कबरीपर्यंतचे येशूचे चौदा प्रसंग त्यांत असतात, आणि शुक्रवारी एकेका चित्रापाशी थांबून प्रार्थना करीत पुढे जावयाचे, त्यास 'क्रुसाची वाट' म्हणतात. आपल्या प्रदक्षिणेहून ही निराळी. ही वाट एका टोकास संपते. तरुण मंडळी दुःखसहनाच्या नाट्यासाठी पात्रे निवडीत होती. यहुदा होण्यास कोणीच तयार नव्हते. शेवटी एका हसऱ्या मुलाच्या गळ्यात ते काम पडले.

एक गोष्ट पाहून मात्र आम्ही थबकलो. वेदी पुष्पहीन, आणि बाहेर वाडीत मोगऱ्याच्या टोपल्या भरत होत्या. ही फुले पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जातात व तेथून मुंबईतील आपल्या देवघरांत. आपल्या गणपतीच्या मस्तकावरचे फूल ज्याने खुडले, त्याच्या स्वतःच्या वेदीवर त्या दिवसांत एकही फूल नसते, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

या चाळीस दिवसांची गणना मोठी मजेची आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आधल्या शनिवारपर्यंत मोजले तर शेहेचाळीस दिवस भरतात. पण रविवार हा पुनरुत्थानाचा वार, म्हणून सहा रविवार वगळावयाचे. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याचे हे स्मरण. ईस्टरची तिथी तर थेट आपल्या पंचांगाच्या घराण्यातली. २१ मार्च हा विषुवदिन धरून त्या दिवशी वा त्यानंतर येणारी जी पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार; त्यामुळे सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान मागेपुढे सरकतो. २०२५ साली आपली हनुमानजयंतीची पौर्णिमा १२ एप्रिलला आली आणि ईस्टर २० एप्रिलला. आमच्या मित्रांच्या नातवास हे अधिकमासाचे उदाहरण देऊन समजावण्याचा आम्ही प्रयत्न केला. मुलगा सभ्य होता. त्याने शेवटपर्यंत ऐकले.

हा हिशोब मनात असताना आम्ही सहज १७३९ सालची तिथी मांडून पाहिली. त्या वर्षी ईस्टर २९ मार्चला होता, म्हणजे राखेचा बुधवार ११ फेब्रुवारीस. वसईचा निर्वाणीचा वेढा त्याच फेब्रुवारीत पडला आणि किल्ला मे महिन्यात पडला. आम्ही वर्गात हा वेढा कित्येक वेळा शिकविला. परंतु तटाच्या आत कोणी त्याच दिवसांत कपाळी राख लावून उपवासास बसले असेल, हा विचार आम्हांस एकदाही शिवला नव्हता. विजयानंतर वसईकडच्या देवळांतील घंटा मराठी सरदारांनी देशावर नेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा आणि वाईजवळील मेणवलीची घंटा यांची ख्याती त्यांतलीच. मित्रांनी सांगितले, "पवित्र गुरुवारी सायंकाळी घंटा वाजते ती शेवटची, मग शनिवारच्या रात्रीपर्यंत ती मुकी. तिच्या जागी लाकडी खुळखुळा वाजवतात." आम्ही म्हणालो, "मेणवलीच्या घंटेस हा नियम कोणी सांगितला नसेल." ते हसले व म्हणाले, "वाजू द्या हो. देवाच्या दारीच वाजते आहे ना?" त्या चिमाजी अप्पांच्या विजयाचा आम्हांस अभिमान आहे व राहील, तथापि हे उत्तर ऐकून तो अभिमान किंचित नम्र झाला, हे नमूद करणे प्राप्त आहे.

बुधवारी पहाटे आम्ही मित्रांस हाताशी धरून देवळात नेले व स्वतः मागच्या बाकावर बसलो. उपासनेस हे लोक 'ख्रिस्तयाग' म्हणतात; आमच्यासारख्या संस्कृत घोकलेल्या माणसास हा शब्द घरच्यासारखा वाटला. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकन येथे जी धर्मपरिषद भरली, तीनंतर लॅटिनच्या जागी लोकभाषा आली. त्याचे फळ असे की, आमच्या कानी अस्खलित मराठी पडत होती. मराठीचे व या धर्माचे नाते मात्र त्याहून फार जुने. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. आमच्या काळात वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले, आणि २०२० साली उस्मानाबाद येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते निवर्तले; त्यांचे नाव तेथे अद्याप घरातल्या वडीलधाऱ्याचे घ्यावे तसे घेतात.

लोक रांगेने पुढे जात होते. धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळी राखेचा क्रूस काढीत व तू मातीचा आहेस, मातीसच मिळणार, अशा अर्थाचे शब्द उच्चारीत. डॉक्टर, फुलवाली, शाळकरी पोर, सर्वांस तेच वाक्य. त्या दिवशी मत्तयाच्या ग्रंथातील सहाव्या अध्यायाचे वाचन असते. दान, प्रार्थना आणि उपवास ही तिन्ही लोकांस दाखविण्यासाठी करू नयेत; उपवास करणाऱ्याने तोंड सुकवून फिरू नये, उलट तोंड धुऊन, तेल लावून प्रसन्न राहावे, असा त्याचा भावार्थ. धर्मगुरूंनी त्यावर थोडक्यात निरूपण केले आणि अखेरीस म्हणाले की, जे ताटातून वाचेल ते उपाशी माणसाच्या ताटात गेले पाहिजे, नाहीतर ती केवळ काटकसर होय. दारिद्र्यसाहाय्यासाठी दाराशी पेटी ठेविली होती. हे सारे ऐकत असता आमची मान मात्र खाली गेली. त्याचे कारण सांगितल्यावाचून हा लेख खरा होणार नाही.

सुमारे अडतीस वर्षांपूर्वी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील एका शाळेत आम्ही दोघे शिकवीत होतो. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मित्रांनी सर्व शिक्षकांस सायंकाळी घरी फराळास बोलाविले. आमच्या मातोश्री सोवळ्याच्या. आणि खरे सांगावयाचे तर मातोश्रींचे निमित्त पुढे करावयास आम्हांसही सोयीचे होते. आम्ही म्हणालो, "क्षमा करा, आमचा सोमवारचा उपवास आहे." उपवास कसला? त्या रात्री घरी आम्ही पोटभर पिठले-भात जेवलो. दुसऱ्या दिवशी मित्रांनी वाडीतली केळ्यांची फणी आमच्या टेबलावर ठेवली. "उपासाला चालतात," एवढेच म्हणाले. त्यानंतर बोलावणे कधी आले नाही. केळी मात्र दर ईस्टरला आली, शाळा सुटल्यावरही आली.

त्या बुधवारी दुपारी ओसरीवर आम्ही हे सर्व त्यांस सांगून टाकले. ते काही वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, मला ते त्याच दिवशी कळले होते. मधल्या सुट्टीत तुम्ही डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली होतीत. मी समोरच बसलो होतो."

"मग केळी कशाला पाठविलीत?"

"उपास खरा असला तरी केळी चालतात, आणि खोटा असला तरी चालतात."

तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, "आता उठा दोघेही. आज आमचे एकच जेवण, आणि तेही साधे. भावोजींना चालेल ना?" त्यांच्या नियमाप्रमाणे राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार हे दोन सक्तीचे उपवास, दिवसातून एकदाच पूर्ण जेवण, मांस वर्ज्य. वयाची साठी लागली की सक्ती उठते. "कायद्याने मी सुटलो, सवयीने नाही," मित्र म्हणाले. आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा, रताळी, शेंगदाणे यांची आमच्या एकादशीस जी रेलचेल असते, ती आठवून आम्ही निमूटपणे पाटावर बसलो. तांदळाची भाकरी, वालाची आमटी, केळफुलाची भाजी. सणाचे ताट आम्ही नाकारले होते. उपवासाचे ताट आमच्या वाट्यास आले, आणि आयुष्यातील उत्तम जेवणांत त्याची गणना आम्ही करतो.

'उपवास' या शब्दाचा अर्थ आम्ही वर्गात शेकडो वेळा फोडून सांगितला: उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. कोणाच्या जवळ, तर देवाच्या, असे सांगून आम्ही पुढच्या शब्दाकडे वळत असू. माणसाच्या जवळ राहण्यावाचून देवाच्या जवळ राहता येते काय, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, आणि आम्हीही स्वतःस विचारला नाही.

सायंकाळी निघताना वहिनींनी हाती पिशवी दिली. तीत केळी होती. गाडीत समोरच्या बाईंनी विचारले, "वसईची का?" आम्ही होय म्हणालो व त्यांच्या लहान मुलास एक दिले. मित्रांच्या कपाळावरची राख निरोप घेतेवेळी घामाने बहुतेक पुसली गेली होती. आमच्या कपाळी तर ती लागलीच नव्हती. तरी घरी पोहोचून आरशासमोर तोंड धुताना आमचा हात क्षणभर कपाळापाशी थांबला.